सेंटर तगडा आहे, मग बाकीचे चार कोण?

फोंड्याकडच्या एका कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी बास्केटबॉल संघाबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “यंदा आमच्याकडे सेंटरला, म्हणजे रिंगखाली खेळायला, सहा फूट सहा इंचांचा मुलगा आलाय. हात चांगले, अंगात ताकद, रिंगखाली त्याला अडवील असा दुसऱ्या कॉलेजात कोणी दिसत नाही. धावायला जरा जड आहे आणि फ्री थ्रो कच्चे आहेत. उरलेल्या चार जागांसाठी पाच मुलं आहेत. कप्तान, गेल्या वर्षी सर्वांत जास्त गुण करणारा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा. फुटबॉलमधून आलेला बुटका गार्ड, गुण कमी पण पास सुंदर. कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट मारणारा, बचावात ढिला. सहा फुटी, लांब हातांचा, बचावात चिवट. आणि सहा फूट दोन इंचांचा दणकट गडी, ज्याचा सगळा खेळ रिंगखालीच. सगळे म्हणतात, पाचांतले सर्वांत चांगले चार घ्या. तुम्ही कोणाला घ्याल?”

सर, मी दणकट गड्याला सुरुवातीला बाकावर ठेवीन आणि बाकीच्या चौघांना उतरवीन. चेंडू मात्र कप्तानाकडे न देता फुटबॉलवाल्या मुलाकडे देईन. या निर्णयाने तुमच्या संघातली दोन मुलं दुखावतील याची मला कल्पना आहे, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

पाचांतले चांगले चार निवडताना आपण एकेका मुलाला वेगळं तोलतो. रिंगखाली असा मुलगा उभा असला की हा हिशेब चुकतो. मग दोनच गोष्टी पाहायच्या: चेंडू त्याच्यापर्यंत कोण पोचवतो, आणि त्याच्यावर दोघे तुटून पडले की बाहेर आलेल्या चेंडूचं कोण काय करतो. या दोन्हींत जो कामाचा नाही, त्याने गेल्या वर्षी कितीही गुण केलेले असोत, तो या पाचांत बसत नाही.

पहिली जागा पास देणाऱ्याची. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ उभ्या सेंटरकडे, चेंडू टाकणं हे वेगळं कसब आहे आणि कॉलेजच्या पातळीवर ते फार थोड्या मुलांकडे असतं. आपल्याकडची बहुतेक मुलं वरच्या टोकाला, रिंगच्या समोर उभी राहून छातीतून सरळ पास देतात. तिथून पाहिलं तर सेंटरला राखणारा नेमका मध्येच उभा असतो. चेंडू बाजूला न्यावा लागतो, फ्री थ्रोच्या रेषेच्याही खाली, साइडलाइनकडे. तिथे गेल्यावर सेंटरची पाठ, त्याला राखणाऱ्याचा हात आणि मोकळी बाजू या तिन्ही गोष्टी एकदम दिसतात. मग पास राखणाऱ्याच्या हातापासून लांबच्या बाजूला, बहुतेक वेळा जमिनीवर टप्पा घेऊन. त्याआधी एक फसवी हालचाल हवी: वरून देतोय असं दाखवायचं आणि खालून द्यायचा. सेंटरने हात दाखवल्यावर चेंडू लगेच निघाला पाहिजे. त्याने दोन सेकंद अंगाने जागा धरून ठेवायची आणि गार्डने तोवर ड्रिबल करत बसायचं, असं झालं की ती जागा जाते आणि रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबल्याची शिट्टीही वाजते.

फुटबॉलवाल्या मुलावर माझा भरवसा यासाठीच आहे. गोव्यात मधल्या फळीत खेळलेल्या मुलाला मान वर करून खेळायची सवय असते. समोरचा माणूस आत्ता कुठे आहे यापेक्षा पुढच्या क्षणी कुठे असेल, हे तो पाहतो. त्याचे पायही हलके असतात, हा बचावातला फायदा. उंची पाच फूट सहा असली तरी चालेल, कारण बाजूने टप्प्याचा पास द्यायला उंची लागत नाही. एक गोष्ट मात्र त्याला शिकवा. समोरचे सेंटरच्या पुढे येऊन उभे राहिले, म्हणजे फ्रंट केलं, तर त्याने हट्टाने तोच पास टाकू नये.

फ्रंट झाल्यावर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग डोक्यावरून लॉब. त्यासाठी विरुद्ध बाजूचा मुलगा रिंगपासून लांब हवा, नाहीतर त्याला राखणारा मागून येऊन चेंडू उचलतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: चेंडू आधी फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या मुलाकडे आणि तिथून खाली. फ्रंट करणारा माणूस तेव्हा चुकीच्या बाजूला राहतो आणि तुमचा सेंटर रिंगकडे तोंड करून मोकळा असतो. फ्री थ्रोच्या रेषेवर चेंडू झेलून एका क्षणात खाली देणारा म्हणून मला लांब हातांचा मुलगा हवा. त्याने सामन्यात चार गुण केले तरी माझी तक्रार नाही. तो पास जमेपर्यंत त्याच्याकडून रोज घोटून घ्या.

आता कोपऱ्यातला मुलगा. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्याला रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात हवा तितका वेळ उभं राहता येतं. एनबीएत, अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत, तसं चालत नाही, तिथे २००१-०२ पासून बचावाचेही तीन सेकंद मोजले जातात. आपल्या कॉलेजांतल्या सामन्यांत समोरचा संघ दोन-तीन झोन लावतो, म्हणजे माणसं न राखता जागा राखतो, दोघे पुढे आणि तिघे मागे, आणि ते तिघे जण तुमच्या सेंटरभोवती तळ ठोकतात. टीव्हीवर एनबीए पाहून आलेली मुलं म्हणतात, सर, त्याला चेंडू द्या, तो करेल. त्या गर्दीत तो काही करू शकणार नाही. ती गर्दी हलवायला बाहेरून रिंगमध्ये चेंडू मारणारा कोणी तरी लागतो. कोपऱ्यातून थ्रीची रेषा ६.६० मीटरवर असते, बाकी ठिकाणी ६.७५. कोपऱ्यातून दोन थ्री गेले की झोनचा खालचा माणूस एक पाऊल बाहेर येतो आणि तुमच्या सेंटरला तेवढंच पाऊल हवं असतं.

जाता जाता एक सूचना. काही जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर अजून २०१० च्या आधीची आखणी दिसते: थ्रीची रेषा ६.२५ वर आणि रिंगखाली चौकोनाऐवजी खाली पसरत जाणारी आकृती, तळाशी सहा मीटर रुंद. आजचा चौकोन ४.९ मीटर रुंद आहे. म्हणजे नव्या आखणीत तुमचा सेंटर दोन्ही बाजूंनी अर्ध्या मीटरहून जास्त आत उभा राहू शकतो. सराव जुन्या रेषांवर आणि सामना नव्यावर, असं होत असेल तर खडूने का होईना, नवी आखणी करून घ्या. सेंटरच्या पायांना जागेची सवय लागते.

सेंटरभोवती संघ कसा बांधावा हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे दोन हंगाम पाहा. कॉलेजच्या खेळात यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे झॅक ईडी होता, सात फूट चार इंच. मार्च २०२३ मध्ये पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने ६३-५८ ने हरवलं. त्या छोट्या संघाची मुलं देशातल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी होती. त्यांनी ईडीच्या पुढे एक माणूस ठेवला, मागून दुसरा आणला आणि बाहेरच्यांना सांगितलं, मारा हवं तेवढं. पर्ड्यूने २६ थ्री मारले, पाचच आत गेले. त्यांचे दोन्ही सुरुवातीचे गार्ड तेव्हा पहिल्या वर्षाचे होते आणि पूर्ण कोर्टभर येणाऱ्या दबावाखाली ते चाचपडले.

पुढच्या वर्षी तोच ईडी, तेच दोन गार्ड, एका वर्षाने मोठे झालेले. त्यात लान्स जोन्स नावाचा एक अनुभवी गार्ड दुसऱ्या विद्यापीठातून आणला. चेंडू वर आणायला आणि समोरच्या गार्डला राखायला आणखी एक खात्रीचा माणूस मिळाला. संघाचे थ्री ४० टक्क्यांच्या वर जाऊ लागले आणि पर्ड्यू एप्रिल २०२४ मध्ये थेट अंतिम सामन्यात पोचला.

त्या अंतिम सामन्यातली गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. समोरच्या कनेक्टिकट विद्यापीठाने ईडीवर दोन माणसं पाठवलीच नाहीत. सात फूट दोन इंचांचा डोनोव्हन क्लिंगन बहुतेक वेळ एकटाच त्याला भिडला, बाकीचे चौघे बाहेरच्या शूटर्सना चिकटून राहिले. ईडीने ३७ गुण केले. पर्ड्यूला पूर्ण सामन्यात फक्त सात थ्री मारायला मिळाले, त्यांतला एकच आत गेला. निकाल ७५-६०. म्हणजे हुशार प्रशिक्षक दोनपैकी कोणताही मार्ग धरू शकतो: सेंटरला कोंडायचं आणि बाकीच्यांना मोकळं सोडायचं, किंवा सेंटरला गुण करू द्यायचे आणि बाकीच्यांचा गळा आवळायचा. तुमचे चार असे हवेत की दोन्ही वेळी त्यांना काही तरी करता येईल. पहिल्या वेळी कोपऱ्यातला मुलगा लागतो. दुसऱ्या वेळी स्वतःच्या जोरावर माणूस मागे टाकून आत शिरणारा लागतो, आणि तो तुमचा कप्तान.

म्हणून कप्तान माझ्या पाचांत नक्की आहे, फक्त त्याचं काम बदलतं. त्याला सुरुवातीला चेंडू देऊ नका. चेंडू एका बाजूने सेंटरकडे जाईल, तो उभा राहील दुसऱ्या बाजूला. सेंटरवर गर्दी झाली की चेंडू बाहेर येऊन विरुद्ध बाजूला जातो, आणि त्या वेळी झोन धावत सुटलेला असतो. अशा धावणाऱ्या माणसाला मागे टाकायला एक ड्रिबल पुरतं. गेल्या वर्षी त्याला त्याच गुणांसाठी आठ-दहा ड्रिबल मारावे लागत असतील. त्याला हे व्हिडिओवर दाखवा, फोनवर घेतलेला चालेल. गुण करणाऱ्या मुलाला आपल्याला सोपे गुण मिळणार हे पटलं की तो चेंडू सोडायला तयार होतो. पटलं नाही तर तो पोस्टकडे पाहणारच नाही आणि तुमचा सेंटर अख्खा सामना हात वर करून उभा राहील.

दणकट गड्याचं काय? लोकांचा युक्तिवाद मला माहीत आहे: दोन उंच मुलं असली तर रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, सगळे आपलेच. खरं आहे, रिबाउंड वाढतील. पण त्याला बाहेरून मारता येत नाही, म्हणून त्याला राखणारा त्याला सोडून सरळ तुमच्या सेंटरवर येऊन बसतो. तुम्हीच समोरच्याला फुकटची डबल टीम देता. एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सकडे हकीम ओलाजुवान हा सेंटर होता. १९९४ ला ते जिंकले तेव्हा त्याच्या जोडीला ओटिस थॉर्प हा दांडगा फॉरवर्ड होता. १९९५ च्या हंगामात मध्येच त्यांनी थॉर्पला देऊन क्लाइड ड्रेक्सलर घेतला आणि बाहेरून मारणाऱ्या सडपातळ रॉबर्ट हॉरीला थॉर्पच्या जागी खेळवलं. पश्चिम विभागातून सहाव्या मानांकनाने शिरलेला तो संघ अजिंक्य ठरला आणि अंतिम फेरीत शकील ओ'नीलच्या ऑर्लँडोला त्यांनी ४-० ने धुतलं. त्या हंगामापासून एनबीएने थ्रीची रेषा २२ फुटांवर आणली होती, म्हणजे सुमारे ६.७१ मीटर. आपल्या आजच्या रेषेच्या अगदी जवळ, म्हणून हे उदाहरण आपल्याला लागू पडतं.

याला एक अपवाद करा. समोरच्यांकडे खरोखर दोन उंच मुलं असतील आणि लांब हातांचा मुलगा दुसऱ्याखाली दबला जात असेल, तर दणकट गड्याला आणा आणि त्याला फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभं करा, खाली नको. आणि कोपऱ्यातला मुलगा बाहेर काढू नका. बाहेर जाईल लांब हातांचा.

बचावाबद्दल थोडं. तुमचा सेंटर धावायला जड आहे, म्हणून समोरचे दोन गोष्टी करतील: पळत सुटतील, आणि स्क्रीन लावून, म्हणजे राखणाऱ्याची वाट अंगाने अडवून, त्याला रिंगपासून लांब ओढतील. पहिल्यावर इलाज असा की तुमचा शॉट हातातून सुटताच फुटबॉलवाला आणि कप्तान मागे फिरले पाहिजेत. आक्रमक रिबाउंडसाठी तिघेच जातील, कितीही मोह झाला तरी. दुसऱ्यासाठी सेंटरला बाहेर पाठवू नका. त्याने रिंगच्या बाजूला एक-दोन पावलं मागे थांबायचं, आणि चेंडूवाल्याला राखणाऱ्याने स्क्रीनच्या वरून, चेंडूवाल्याला चिकटून यायचं. इथे कोपऱ्यातल्या मुलाची अडचण होते, तो स्क्रीनमध्ये अडकतो. त्याला समोरच्या सर्वांत निरुपद्रवी माणसावर ठेवा, आणि लांब हातांच्या मुलाला सर्वांत धोकादायक माणसावर, मग तो गार्ड असो की फॉरवर्ड. रिंगखाली इतका मोठा मुलगा असला की बाहेरच्यांना थोडी जास्त हिंमत करता येते. मात्र ती बेफिकिरी होऊ देऊ नका, कारण प्रत्येक सुटलेला माणूस म्हणजे सेंटरच्या नावावर एक संभाव्य फाउल.

निवड करायची कशी, तर नुसत्या डोळ्यांनी करू नका. सरावात पाच विरुद्ध पाच खेळवा आणि नियम ठेवा: चेंडू एकदा तरी पोस्टला लागल्याशिवाय बास्केट धरायची नाही. चारांच्या जोड्या बदलत राहा आणि बाकावरच्या एका मुलाच्या हातात वही द्या. त्याने तीनच गोष्टी लिहायच्या: पोस्टला चेंडू कितीदा नीट पोचला, किती वेळा वाटेत गेला, आणि पोस्टमधून बाहेर आलेल्या चेंडूवर शॉट गेला की नाही. आठवड्याभरात वही बोलू लागते, आणि मुलांना ती दाखवली की तुमच्या निवडीवर कोणी पक्षपाताचा आरोप करत नाही. शूटरची परीक्षाही अशीच. एकट्याने उभं राहून दहातले सात मारणारे खूप असतात. पोस्टमधून पास येतोय, समोरून कोणी तरी हात वर करून धावत येतोय, अशा वेळी कोणाचे पाय आधीच तयार असतात ते पाहा.

आपल्याकडे वेळ कमी असतो हे मी जाणतो. उघडी कोर्टं पावसात निसरडी, हंगाम खऱ्या अर्थाने चतुर्थीनंतर उघडतो, आणि सत्तरी-सांग्याकडची मुलं शेवटच्या कदंब बससाठी सराव अर्धा टाकून पळतात. म्हणून डावपेच तीनच ठेवा: बाजूने सरळ पोस्ट, फ्री थ्रोच्या रेषेवरून खाली, आणि पोस्टमधून विरुद्ध बाजूला. चौथा शिकवण्यापेक्षा हे तीन दबावाखाली करून घ्या. घड्याळाचंही भान द्या. २४ सेकंदांतले आठ कोर्टाचा अर्धा भाग ओलांडायला मिळतात, पण तुम्ही सहांत ओलांडा. सोळा-पंधरा सेकंद उरलेले असताना चेंडू पोस्टमध्ये गेला तर तो बाहेर येऊन पुन्हा आत जायला वेळ राहतो. आठ उरलेले असताना गेला तर सेंटरला जे मिळेल ते मारावं लागतं.

शेवटी मिनिटं आणि फाउल. जड अंगाच्या मुलाला आपल्या दमट हवेत सलग दहा मिनिटं खेळवू नका. पहिल्या क्वार्टरची दोन मिनिटं उरली की बाहेर घ्या, दुसऱ्याची दोन झाली की परत आत. मधला दोन मिनिटांचा खंड धरून त्याला चांगली विश्रांती मिळते आणि खेळातली फक्त चारच मिनिटं जातात. ती चार मिनिटं दणकट गड्याची, आणि त्यासाठीच तो सुरुवातीच्या पाचांत नको. सेंटरच्या जागी आला की त्याच्या भोवतीही तेच चौघे बाहेर पसरलेले असतात आणि त्याचा खेळ एकदम मोकळा होतो. त्याला हे यादी लावण्याआधी, एकट्याला बोलावून सांगा. कोणत्या मिनिटाला उतरणार तेही सांगा. कधी उतरणार हे ठाऊक असलेला मुलगा बाकावर बसूनही सामना खेळत असतो.

फ्री थ्रो कच्चे असलेल्या सेंटरला शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरचे मुद्दाम फाउल करणार. क्वार्टरमध्ये संघाचा पाचवा फाउल झाला की प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, आणि त्यांना माहीत आहे की तो दोनांतला एक तरी चुकवणार. तुम्ही थोड्याशा गुणांनी पुढे असाल तर शेवटच्या दोन मिनिटांत बचावासाठी त्याला आत ठेवा आणि प्रत्येक टाइम-आउटला आक्रमणापुरतं बाहेर काढा. चेंडू तेव्हा कप्तानाकडे, कारण फ्री थ्रो त्याचे पक्के असणार. सरावात मात्र सेंटरकडून रोज दमलेल्या अवस्थेत फ्री थ्रो मारून घ्या, धावण्याच्या फेऱ्यांच्या मध्ये दोन-दोन. ताजा असताना ओळीने मारलेल्या पन्नासांचा सामन्यात उपयोग होत नाही.

आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच्यावर दोन फाउल लागले तर घाबरून अर्धा सामना बसवू नका. पाच फाउलनंतर बाहेर जायचं असतं, दोननंतर नव्हे. दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं दणकट गड्याला द्या, मग सेंटरला परत आणून दोन-तीन झोन लावा, तो मधोमध, लांब हातांचा एका कोपऱ्याकडे. झोनमध्ये त्याला माणसामागे धावावं लागत नाही आणि तिसरा फाउल लांबतो. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला पुन्हा माणसागणिक बचाव, आणि पहिले तीन चेंडू सरळ त्याच्याकडे.